देव काय मागतो, त्यावर घर चालतं

महिन्यातून दोन दिवस महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत भाताचा कुकर लागत नाही. साबुदाणा आदल्या रात्रीच भिजत घातलेला असतो, शेंगदाण्याचं कूट डब्यात तयार असतं. वाणी भगर आणि राजगिऱ्याचे लाडू पुढे काढून ठेवतो, मंडईत रताळ्यांचे ढीग लागतात. याचा सरकारी आदेश निघत नाही आणि न पाळणाऱ्याला कुणी दंडही करत नाही. शुद्ध आणि वद्य मिळून वर्षाला २४ एकादशा, अधिक महिना आला की २६. एवढ्या लोकांचं स्वयंपाकघर, एवढा बाजार आणि एवढं कॅलेंडर एका देवाच्या नावाने शतकानुशतकं चालत आलं आहे.

माणूस ज्याला भजतो त्याची छाप त्याच्या जगण्यावर पडते, हे कुणालाही पटतं. ती पडते कशी, हे मात्र सहसा नीट उलगडून सांगितलं जात नाही. आधी श्रद्धा मनात बसते, मग मन बदलतं, मग वागणं बदलतं, असं आपण धरून चालतो. मला हा क्रम बहुतेक वेळा उलटा दिसतो. प्रत्येक देव भक्ताकडे काहीतरी मागतो. कुणी वेळ मागतो, कुणी पायपीट, कुणी ताटातला एखादा पदार्थ, कुणी पैसा, कुणी जमिनीचा तुकडा. पूर्वी काही देवांना घरातली मुलगीही वाहिली जायची. ही मागणी लोक पुन्हा पुन्हा पुरी करतात, आईबापांना पाहून मुलं पुरी करतात आणि त्यातून घराची एक रीत घडते. मन तिच्यामागोमाग येतं. म्हणून कुठल्याही उपासनेबद्दल दोन गोष्टी पाहाव्यात. ती माणसाकडे रोजचं म्हणून काय मागते? आणि कुठे पोचल्यावर मागायची थांबते? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. जिथे मागणी थांबते तिथे जगणं जुन्याच वळणाने चालू राहतं.

आपल्याकडचं यातलं सगळ्यात मोठं उदाहरण विठोबाचं.

विठोबाला बकरं लागत नाही, नारळाची रास लागत नाही, सोनंनाणंही लागत नाही. तुळशीची माळ आणि बुक्का एवढ्यावर त्याचं भागतं. तो नवसाचा देव नाही, असं वारकरी सांगतात. मूल होऊ दे, खटला जिंकू दे, मग अमुक करीन, असा व्यवहार त्याच्याशी करायचा नसतो. ऐकायला हे सोपं वाटतं. पण जो देव वस्तू मागत नाही तो माणूसच मागतो. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ पडली की तिच्याबरोबर नेमही येतात: मांस आणि दारू सोडायची, एकादशी धरायची, रोज हरिपाठ म्हणायचा, खोटं बोलायचं नाही, परस्त्री मातेसमान मानायची आणि वर्षातून निदान एकदा पंढरीची वारी करायची. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही, पण एकही गोष्ट एका दिवसात उरकत नाही.

‘त्याने माळ घातली’ असं गावात कुणाबद्दल म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं सगळं कळतं. तो आता गुत्त्यावर दिसणार नाही, जत्रेच्या मटणाच्या पंगतीला बसणार नाही, बायकोच्या हातात आठवड्याचे पैसे येतील. माळ गळ्यात दिसते, म्हणून नेम मोडला तर तो अख्ख्या गावाला दिसतो. जुन्या वळणाचे वारकरी माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात घातल्याशिवाय जेवत नाहीत. दारूने उद्ध्वस्त होत चाललेली घरं माळेने सावरल्याच्या कथा मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात पावलोपावली ऐकू येतात. माझ्या मते यात चमत्कार शोधायला नको. एकट्याने दारू सोडणं फार अवघड असतं. इथे सोडणाऱ्याला संध्याकाळी जायला देऊळ मिळतं, हाताला टाळ मिळतो, शेजारी उभी राहणारी दहा माणसं मिळतात. गुत्त्यावर जायची वेळ आणि हरिपाठाची वेळ एकच असते.

नेमांचा दुसरा धागा शेतीशी विणलेला आहे. आळंदीहून ज्ञानेश्वरांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, देहूहून तुकोबांची त्याच्या आदल्या दिवशी. मृग लागून गेलेला असतो. ज्याच्या शिवारात वेळेवर पाऊस झाला त्याची पेरणी उरकलेली असते आणि पीक खुरपणीला येईपर्यंत थोडी सवड असते. कार्तिकीला खरिपाचा हंगाम आवरत आलेला असतो. विठोबाच्या दोन मोठ्या वाऱ्या शेतकऱ्याच्या सवडीत बसतात. मधले चार महिने चातुर्मासाचे. त्यात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य. म्हणून आषाढी एकादशीच्या दोनच दिवस आधी, नवमीला, घरोघरी कांद्याची भजी आणि थालीपीठं होतात आणि त्या दिवसाचं नावच कांदेनवमी पडलं. देवाच्या नेमाने एका भाजीला निरोपाचा सण मिळावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

इथे एक उलटा प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. शेतकऱ्याचं वर्ष असं होतं म्हणून देवाचं वर्ष तसं घडलं, असं का म्हणू नये? म्हणायलाच हवं. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात असल्याचं आयुष्यभराच्या संशोधनातून मांडलं. गुरं राखणाऱ्यांनी आपल्यासारखाच कमरेवर हात ठेवून उभा राहणारा देव भजला आणि पुढे तो शेतकऱ्यांचा, कारागिरांचा, संतांचा झाला. म्हणजे जगण्याने देव घडवला, हे खरं. पण एकदा घडल्यावर तो देव तिथेच थांबत नाही. मेंढपाळाच्या देवाने पुढे शिंप्याला, कुंभाराला, सोनाराला, माळ्याला एका वाटेने चालायला लावलं. त्या लोकांच्या धंद्यात तशी कुठलीच गरज नव्हती. घडवण्याचं काम दोन्ही बाजूंनी चालतं. मी इथे त्यातली एक बाजू उलगडतोय एवढंच.

आता चालण्याकडे येऊ. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, जवळपास तीन आठवडे. आजच्या रूपातला हा सोहळा हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात लावून दिला. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते आणि त्यांच्या व्यवस्थेत लष्करी शिस्त स्पष्ट दिसते. दिंड्यांना क्रमांक आहेत, काही रथापुढे, काही रथामागे. कुणी जागा बदलायची नाही. दिंडीत पताका पुढे, मग टाळकरी, मधे पखवाज, मागे विणेकरी, त्यामागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. वीणा जमिनीवर टेकवायची नाही. दुसऱ्याने पुढे येऊन विणेकऱ्याच्या पाया पडायचं आणि ती गळ्यात घ्यायची.

यातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे: समाजआरती. मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी पालखी मधोमध ठेवतात आणि सगळ्या दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला दंड उंच धरतो आणि तो सगळा आवाज एका क्षणात थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. त्या शांततेत तो आवाज कुठून येतोय ते सगळ्यांना कळतं. पाण्याचा टँकर आला नाही, तंबूची जागा दुसऱ्याने घेतली, वाटेत कुणी मधे घुसलं, जे असेल ते चोपदार जाऊन ऐकतात आणि तिथल्या तिथे सोडवतात. मग हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. सापडलेलं घड्याळ, पैशाची पिशवी, चष्मा लोकांनी आणून दिलेला असतो. उद्या निघायची वेळ सांगितली जाते, आणि त्यानंतर आरती.

लाखांच्या गर्दीला तक्रार करायची ही रीत मला विलक्षण वाटते. ओरडायचं नाही, पुढे घुसायचं नाही, फक्त टाळ थांबवायचा नाही. जो टाळ दिवसभर भजनाला वाजला त्याच टाळाने संध्याकाळी गाऱ्हाणं घालायचं. आणि सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकून झाल्याशिवाय आरती होत नाही. देवाची आरती माणसांच्या तक्रारीमागून येते, हा क्रम कुणीतरी विचार करून लावला असला पाहिजे. तीन आठवडे हे रोज अनुभवलेला माणूस गावी परततो, तेव्हा सार्वजनिक कामात कसं उभं राहायचं हे तो शिकून आलेला असतो. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात याचीच लहान आवृत्ती दिसते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून रात्रीच्या दोन वाजताचा पहारा कुणाचा, पहाटे चारचा कुणाचा, याची पाळी लागते. वर्गणी कुणी गोळा करायची, पाणी कुणी आणायचं, काल्याच्या दिवशी वाढायला कोण, सगळं ठरतं. पतसंस्था आणि दूध संस्था यायच्या कितीतरी आधी हिशोब ठेवायची, पाळी पाळायची आणि एकमेकांवर विसंबायची सवय अनेक गावांना सप्ताहाने लावली.

विद्येचंही तसंच. देवाची पूजा नामाने आणि अभंगाने करायची म्हटल्यावर अभंग पाठ हवा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका शेकडो अभंग म्हणू शकायच्या, त्यांच्या अर्थावर वाद घालू शकायच्या. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली आणि खेड्यातल्या कुठल्याही जातीच्या मुलाला ग्रंथ वाचून कीर्तन करण्याची वाट मोकळी झाली. पूजा मंत्राची असती तर ती मंत्र येणाऱ्याकडेच राहिली असती. ती नामाची होती, म्हणून विद्या थोडी खाली झिरपली.

विठोबा सोडून आता डोंगरात जाऊ, कारण तिथे हाच नियम फार लख्ख दिसतो.

सह्याद्रीत आणि कोकणात गावाबाहेर एखादं दाट रान असतं, त्याला देवराई म्हणतात. आत वाघजाई, काळकाई, शिरकाई, भैरी, म्हसोबा, असा कुणीतरी. मूर्ती बहुधा नाहीच, शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड, तोही उघड्यावर. या देवाची मागणी एकच: माझ्या रानाला हात लावू नका. कुऱ्हाड चालवायची नाही, वाळलेली काटकीसुद्धा चुलीसाठी न्यायची नाही, काही ठिकाणी तर पायातलं काढून आत जायचं. म्हणून आसपासचे डोंगर बोडके झाले तरी राईत दोन माणसांच्या कवेत न मावणारे बेहडे आणि आंबे उभे राहिले, गारंबीच्या वेली खोडांसारख्या जाड झाल्या आणि राईतला झरा उन्हाळ्यातही आटला नाही. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी अशा राया हिंडून त्यांच्या नोंदी केल्या, तेव्हा शहरातल्या वाचकांना या रानांची किंमत कळली. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याची मिरिस्टिकाची दलदल, म्हणजे रानजायफळांचं पाणथळ जंगल, देवाच्या नावाने राखली गेली म्हणूनच टिकली. सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला तो गेल्या काही वर्षांत.

झाड तोडायचीच वेळ आली तर देवाला विचारायचं. कोकणात गुरव कौल लावतो. देवाच्या अंगाला ओले तांदूळ किंवा कळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट पाहतात. उजवीकडचा दाणा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. गोव्यात हीच रीत पाकळ्यांनी चालते, तिला प्रसाद घेणं म्हणतात. एखाद्याला हा निव्वळ योगायोगाचा खेळ वाटेल. पण परिणाम पाहा. झाड तोडायचा निर्णय कुणा एकाच्या हातात राहत नाही, तो चारचौघांत आणि दिवसाउजेडी होतो, आणि त्याला वेळ लागतो. घाईत तोडलं जाणारं झाड एवढ्यानेही वाचतं.

या राया पुढे कशा गेल्या, ते ऐकण्यासारखं आहे. काही ठिकाणी श्रद्धा आटली म्हणून गेल्या, काही ठिकाणी ठेकेदाराने गिळल्या. पण बऱ्याच ठिकाणी राई तुटली ती देवावरचं प्रेम वाढलं म्हणून. मुंबईला किंवा पुण्याला गेलेल्या गावकऱ्यांच्या हाती पैसा आला. आपल्या देवीला अजून छप्पर नाही याची त्यांना खंत वाटू लागली. उघड्यावरचा तांदळा गेला, सिमेंटचं देऊळ आलं, संगमरवरी मूर्ती आली, तिला कळस आला, देवळापुढे मंडप आला, मंडपापर्यंत गाडीरस्ता आला. पैसे कमी पडले तेव्हा राईतलीच झाडं विकून उभे केले. भक्ती तेवढीच राहिली किंवा वाढली, देवीचं नावही तेच राहिलं. फक्त देवीची मागणी बदलली. आधी तिला रान हवं होतं, आता छप्पर हवं झालं. मागणी बदलल्याबरोबर शंभर-दोनशे वर्षांची झाडं एका उन्हाळ्यात आडवी झाली. उपासनेतून जगणं कसं घडतं हे समजून घ्यायला मला याहून स्पष्ट दाखला माहीत नाही.

मागणी नेहमी भलीच असते असं नाही. जेजुरीच्या खंडोबाची उपासना मला लहानपणापासून आवडते, ती हळदीची उधळण, तळी भरताना एका तालात उठणारा येळकोट, चंपाषष्ठीचं भरीत-रोडगा. खंडोबाची एक बायको म्हाळसा वाण्यांची, दुसरी बाणाई धनगरांची, आणि या देवाने वेगवेगळ्या समाजांत सोयरिकीची भाषा जागती ठेवली. पण याच देवाला मुली वाहिल्या जात. नवस फेडायला म्हणून लहान मुलगी मुरळी सोडायची. ती देवाची झाली, म्हणजे तिचं लग्न नाही, तिला घर नाही आणि तिच्यावर हात टाकणाऱ्याला जाब विचारणारं कुणी नाही. यल्लम्माच्या जोगतिणींची कहाणीही याहून वेगळी नाही. आईबाप तिला वाहायचे ते बहुतेक वेळा भाबडेपणाने आणि भीतीने. पण तिचं अख्खं आयुष्य त्या एका मागणीने ठरून जायचं. मुंबई इलाख्यात १९३४ साली या प्रथेविरुद्ध कायदा झाला आणि महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथा निर्मूलनाचा नवा कायदा केला. अशा ठिकाणी ‘ही लोकांची श्रद्धा आहे’ असं म्हणून गप्प बसता येत नाही. श्रद्धा आईबापांची होती, आयुष्य मुलीचं गेलं.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. उपासना मागायची कुठे थांबते?

वारीत सगळे एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. लहान मोठ्याच्या पाया पडतो, आणि मोठाही लगेच वाकून लहानाच्या पाया पडतो. हे रोज होतं आणि ते खोटं नसतं. पंढरपूरला पदस्पर्श दर्शन आहे, म्हणजे भक्ताने स्वतः देवाच्या पायांवर डोकं ठेवायचं. अशी मुभा थोड्याच मोठ्या देवळांत मिळते. तरीही गेल्या शतकाच्या मध्यावर इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या, तेव्हा त्यांना दिसलं की एका वाटेने चालणारी, एकच अभंग म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात. त्यांना ते फार लागलं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. विठोबाने चालायला मागितलं, गायला मागितलं, पाया पडायला मागितलं. एका ताटात जेवायला मागितलं नाही, किंवा मागितलं असलं तर ते कुणी ऐकलं नाही. मग स्वयंपाक होता तसाच राहिला.

देवळाचंही तेच. चौदाव्या शतकात महार जातीतले संत चोखामेळा, म्हणजे चोखोबा, मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून गेले. त्यांची समाधी महाद्वारापुढे, नामदेव पायरीसमोर आहे. लाखो लोक तिच्यापुढे डोकं टेकवून आत गेले, पण चोखोबांच्या जातभाईंना आत जाता येत नव्हतं. कित्येक शतकं! संत म्हणून पूजा आणि माणूस म्हणून मज्जाव, दोन्ही एकाच उंबऱ्यावर नांदत होतं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा दार उघडण्याची वाट मोकळी झाली. बडवे आणि उत्पात या देवळातल्या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपायला त्यानंतरही किती वर्षं गेली पाहा: कायदा १९७३ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल जानेवारी २०१४ चा.

ही थांबण्याची जागा ज्याने सगळ्यात नीट ओळखली, त्याच्याकडे आता यायला हवं. बाबासाहेब आंबेडकरांना भक्ती परकी नव्हती. वडील रामजी कबीरपंथी, घरात भजन आणि अभंगांचं वळण. १९४८ सालचा अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्यांच्याच नेतृत्वाखाली झाला. पण १९३५ साली येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला.

त्या दिवशी त्यांनी आधी स्वतः दीक्षा घेतली आणि मग जमलेल्या लोकांना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञा या लेखाच्या विषयाकडे डोळे लावून वाचून पाहाव्यात. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही. राम, कृष्ण, गौरी-गणपती यांची उपासना करणार नाही. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही. ब्राह्मणाच्या हातून कुठलाही विधी करवून घेणार नाही. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही. निम्म्या प्रतिज्ञा काय सोडायचं हे सांगतात, आणि तेही रोजच्या व्यवहारातलं. नव्या तत्त्वज्ञानाची पुस्तकी ओळख करून देण्याआधी त्यांनी देव्हारा, स्वयंपाक, लग्न आणि मयत यांना हात घातला.

याचं कारण खेड्यात होतं. मरीआईच्या जत्रेत हल्या ओढायचा मान महारांचा, देवीपुढे वाजवायचं काम मांगांचं, पोतराजाने अंगावर आसूड ओढून घ्यायचा. गावदेवीच्या पूजेत प्रत्येक जातीची जागा ठरलेली होती, आणि तीच जागा उरलेल्या वर्षभर गावकीत चालायची. मेलेलं ढोर ओढणारा आणि जत्रेत रेडा ओढणारा एकच माणूस होता. अशा देवीची पूजा चालू ठेवून फक्त काम सोडतो म्हणणं जमण्यासारखं नव्हतं, कारण पूजेतला मान आणि गावकीतलं काम एकाच दाव्याने बांधलेले होते. म्हणून दीक्षा घेतलेल्या घरांनी देव्हाऱ्यातले टाक आणि मूर्ती काढून नदीत, विहिरीत सोडल्या. म्हाताऱ्या बायकांना ते किती जड गेलं असेल, याची कल्पना करवत नाही. देवी कोपेल या भीतीत त्यांचा जन्म गेला होता. तरी त्यांनी टाक सोडले. पुढे ढोरं ओढायला आणि जत्रेची कामं करायला नकार दिला म्हणून गावोगाव बहिष्कार पडले, तेही त्यांनी सोसले.

रिकाम्या देव्हाऱ्याच्या जागी बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. लग्न त्रिसरण-पंचशीलाने होऊ लागलं, नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यात उभी राहू लागली, मुहूर्त आणि हुंड्याचं ओझं निदान काही घरांत उतरलं. मुलांची नावं सिद्धार्थ, राहुल, गौतम, सुजाता अशी ठेवली जाऊ लागली. पूर्वी धोंड्या आणि दगडू अशी नावं असलेल्या घरांतली ही मुलं. आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो बदल यात्रेच्या ठिकाणी दिसतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीजवळ लाखो लोक येतात. यात्रा म्हटली की प्रसाद, खेळणी, बांगड्या यांची दुकानं आलीच. इथे त्यांच्यापेक्षा जास्त गर्दी पुस्तकांच्या दुकानांपुढे असते. खेड्यातून रात्रभर रेल्वेच्या जनरल डब्यात उभं राहून आलेला शेतमजूर पिशवीतून चुरगळलेल्या नोटा काढतो आणि संविधानाची प्रत, बाबासाहेबांची भाषणं, मुलांसाठी एखादं स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेतो. मराठी प्रकाशकांना या दोन दिवसांची वाट पाहावी लागते, इतकी तिथे विक्री होते.

ज्यांची पूजा तिथे चालते त्यातला एक ‘स्वतः तपासून पाहा’ म्हणून गेला आणि दुसरा ‘शिका’ म्हणून गेला. तिथे जाणाऱ्याला नारळ फोडून परतता येत नाही. काहीतरी वाचायला घेऊन जावं लागतं, आणि निदान घरातल्या एका मुलाने तरी ते वाचावं म्हणून पुढचं वर्षभर राबावं लागतं.